अकरा सेकंद

“आता कापलेलं दाखवा,” वकील म्हणाले.

पडद्यावर माझी फिल्म नुकतीच संपली होती आणि पंचायत समितीच्या सभागृहातल्या टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या. कंपनीचे वकील उठले, त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून गोड हसले.

“बाई, फिल्म उत्तम आहे. पण ही चाळीस मिनिटांची. शूटिंग किती केलं होतंत?”

“सत्तावीस तास.”

“म्हणजे सव्वीस तास वीस मिनिटं तुम्ही कापलीत. फिल्म महोत्सवात दाखवायची असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. इथे ती पुरावा म्हणून दाखल करायची आहे. तेव्हा कापलेलंही दाखवा.”

ही २००२ सालची गोष्ट. दाभणे खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाने होते. त्यातल्या एका कंपनीला आपला कारखाना वाढवायचा होता आणि त्याचं सांडपाणी नळानं थेट खाडीत सोडायचं होतं. त्यावर ही जनसुनावणी होती. खाडीकाठी चौदा गावं, सगळी मासेमारीवर जगणारी. सुनावणीची नोंद मुंबईला जाणार आणि तिथे परवानगीचं ठरणार, असा मामला. खाडी बचाव समितीकडे माझ्या फिल्मशिवाय दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

“सगळे सत्तावीस तास नकोत, घाबरू नका,” वकील म्हणाले. “या भागीरथी जुवळे बाईंची मुलाखत तेवढी. फिल्ममध्ये या बाई फक्त पूर्वीचं बोलतात. पूर्वी बोईट होते, पूर्वी पालू होते, चिंबोऱ्या होत्या. आत्ताचं एक वाक्य नाही. त्या आत्ताचं काही बोलल्याच नाहीत का?”

माणूस हुशार होता. दोन वर्षांत एकाही समीक्षकाच्या लक्षात न आलेली गोष्ट त्यानं एकदा बघून पकडली होती.

सुनावणीचे अधिकारी माझ्याकडे वळले. “मूळ कॅसेट आहे?”

नाही म्हणता आलं असतं. हरवली, खराब झाली, काहीही. पण तोंडातून निघून गेलं, “माझी एकूण एक कॅसेट जपलेली असते.”

नडली ती मिजास.

“मग तीन वाजता लावू,” अधिकारी म्हणाले, आणि जेवणाची सुट्टी झाली.

भागीबाय तिसऱ्या रांगेत बसली होती. दोन वर्षांनी मी तिला बघत होते. तिनं लांबून हात केला. मी केला नाही, कॅमेऱ्याच्या पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

तिची मुलाखत मी तिच्या अंगणात घेतली होती. कॅमेरा मीच चालवायचे, आवाजही मीच घ्यायचे. एकटीनं काम करायची सवय होती आणि त्याचा तोराही होता. भागीबाय जाळं विणत बसली होती. पंचावन्न-साठीची, विधवा, आवाज खणखणीत. सुरुवातीलाच म्हणाली, “गो बाय, तू ही अशी सुकटीवानी, तुला घरी कोण जेवाया घालत नाय का?” मग चाळीस मिनिटं बोलली. कुठल्या भरतीला कुठली मासळी, नवरा होडी कुठे लावायचा, कुठल्या वळणावर बायका कालवं फोडायच्या. सोनं होतं ते. मी तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, हिच्या जोरावर फिल्म उभी राहणार.

शेवटी मी मुद्द्यावर आले. “आणि आता? आता मासळी कशी आहे?”

तिनं विणायचं थांबवलं.

“मासळी वाढली बाय,” ती म्हणाली. “आमच्या खाडीची मासळी वाढली.” आणि दोन्ही हात माझ्यापुढे पालथे केले, ‘मला काय विचारतेस’ म्हणताना करतात तसे. मग खाली मान घालून पुन्हा विणायला लागली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण कानावर हेडफोन होते, चूक कशी होणार? वाढली म्हणाली होती, तेही दोनदा. तेवढ्यात माझं लक्ष दोरीकडे गेलं. तिथे कंपनीचं नाव छापलेली निळी डांगरी वाळत होती. तिचा मुलगा रमाकांत त्याच महिन्यात कंपनीत कंत्राटी कामाला लागला होता. मला सगळं कळलं. पोटापुढे बाई काय बोलणार, असं मी स्वतःला समजावलं, पण खरं सांगायचं तर मला तिचा संताप आला. दुसरं कुणी असतं तर त्यानं पुन्हा विचारलं असतं. मी कॅमेरा बंद केला आणि चहाही न घेता निघाले.

एडिटिंगच्या वेळी ते वाक्य गेलं. पूर्वीचं बोलणं ठेवलं, त्यानंतर थेट पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे लावले. फार परिणामकारक जोड जमला होता. त्या जोडाबद्दल मला लोकांनी कॉलेजांमध्ये व्याख्यानं द्यायला बोलावलं आहे.

भागीबाय दोन्ही वर्षं समितीच्या माणसांबरोबर मला आमसुलं पाठवत राहिली. मी ती एडिटरला देऊन टाकायचे.

तर जेवणाची सुट्टी. समितीचे अध्यक्ष सुभान मुकादम माझ्याजवळ आले. बोटीवरून निवृत्त झालेला माणूस, कशानं गडबडून जात नसे.

“वृंदाताई, चला, दोन घास खाऊन घ्या. चेहरा का असा?”

“कॅसेट लावायलाच हवी का, सुभानभाई?”

“लावा की! भागीबाय आहे ती. ती काय वावगं बोलणार?”

तेव्हा त्यांना विचारायला हवं होतं. ‘ती असं असं म्हणाली, सुभानभाई, याचं काय करू?’ एवढं एक वाक्य. पण तुमची मुख्य साक्षीदार कंपनीला फितूर आहे, आणि ते मी तुमच्यापासून दोन वर्षं लपवलं आहे, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे, मी कॅसेट एकदा बघून येते.”

सभागृहामागे नोंदींच्या फायलींची खोली होती. शिपायानं ती मला उघडून दिली आणि तो जेवायला गेला.

त्या काळातल्या कॅसेटच्या कडेला एक बारीकशी खाच असायची. शूटिंग झालं की ती सरकवून बंद करायची, म्हणजे चुकूनसुद्धा त्या कॅसेटवर दुसरं काही भरलं जात नाही. हा पहिला नियम. मी आजही विद्यार्थ्यांना शिकवताना तिथूनच सुरुवात करते, की जे टिपलं ते पहिल्यांदा कुलूपबंद करा, मग पाणी प्या. भागीबायच्या कॅसेटची खाच मी तिच्या फाटकाबाहेर पडता पडता, रागातसुद्धा, बंद केली होती.

ती मी नखानं उघडली.

कॅसेट कॅमेऱ्यात घालून वाक्य शोधून काढलं. घड्याळ लावून मोजलं. प्रश्न संपल्यापासून ती मान खाली घालेपर्यंत अकरा सेकंद. दुसरी प्रत कुठेही नव्हती, एडिटिंगच्या मशीनवरचं कधीच पुसलं गेलं होतं. मी मनाशी हिशेब घातला, एका पारड्यात एका घाबरलेल्या बाईचं एक खोटं वाक्य, दुसऱ्यात चौदा गावं. लेन्सवर झाकण घातलं, आवाज येऊ नये म्हणून माइकच्या भोकात रिकामी पिन खुपसली, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून अकरापर्यंत मोजलं.

मग खाच पुन्हा बंद केली आणि जाऊन पिठलंभात खाल्ला. भूक लागली होती.

तीन वाजता कॅसेट लागली. सभागृहात पंखे तेवढे वाजत होते. चाळीस मिनिटं भागीबाय बोलत राहिली आणि लोक मधूनमधून हसत राहिले. सुकटीचं वाक्य आलं तेव्हा तर अधिकारीसुद्धा हसले. शेवटी पडद्याबाहेरून माझा आवाज आला, “आणि आता? आता मासळी कशी आहे?”

पडदा काळा झाला.

अकरा सेकंद किती लांब असतात, ते तोवर कितीतरी वर्षं याच धंद्यात काढूनही मला माहीत नव्हतं. मग पुन्हा अंगण आलं, जाळं आलं, तिची खाली घातलेली मान आली आणि कॅसेट संपली.

“हे काय झालं?” वकिलांनी विचारलं.

“टेप जुनी झाली की होतं असं कधी कधी.”

“नेमकं इथेच?”

मी खांदे उडवले. ते पुढे काही बोलणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

“अगो, माजं बोलणं कुठं गेलं?”

भागीबाय उभी राहिली होती.

“बसा हो तुम्ही,” मी पटकन म्हटलं. “मशीनचं काहीतरी आहे.”

“मशीनचं असंल. पण मी बोलले हुते ना! माज्या ध्यानात हाय.”

वकिलांचा चेहरा उजळला. “काय बोलला होतात, मावशी? साहेबांना सांगा. घाबरू नका.”

“घाबरते कशाला? हिनं इचारलं, आता मासळी कशी. मी बोलले, मासळी वाढली.”

“ऐकलंत?” वकील अधिकाऱ्यांकडे वळले. “मासळी वाढली! साहेब, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदवून घ्यावेत. आणि कॅसेट नेमकी कुठे खराब झाली, तेही.”

मी फरशीकडे बघत होते. आता गलका होणार, सुभानभाई तिच्या अंगावर धावून जाणार, असं मला वाटत होतं. पण काहीच झालं नाही. वर बघितलं तर पुढच्या दोन-तीन रांगांतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. एक म्हातारी हळूच म्हणाली, “देवा म्हाराजा.” अधिकाऱ्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

सुभानभाई उठले. आवाज शांत.

“साहेब, तुमच्या घरात मंगळसूत्र तुटलं तर काय म्हणता?”

अधिकारी मग म्हणाले, “वाढलं.”

“आणि डब्यातलं मीठ?”

“माझी आई तेही वाढलं म्हणायची. संपलं म्हणू द्यायची नाही.”

भागीबायनं दोन्ही हात पुढे केले आणि पालथे केले. अगदी तसेच. फक्त आज मी कॅमेऱ्यातून बघत नव्हते, म्हणून मला मनगटं दिसली. उघडी, एकही काचेची बांगडी नसलेली.

“चवऱ्याण्णव साली ह्या वाढल्या,” ती म्हणाली. “त्याच साली मासळी पण वाढली. हेच मी हिला दावलं हुतं.”

माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझं मंगळसूत्र तुटलं होतं. “तुटलं काय म्हणतेस, वाढलं म्हण!” आई ओरडली होती, आणि मी तिला हसले होते, अगदी मोठ्यानं. मला तो शब्द माहीत होता. माझ्या घरातलाच होता. तो कोळंबीला आणि बोइटांनाही लावणारी माणसं असतील, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या फिल्मला जे एक वाक्य हवं होतं ते तिनं मला दोनदा म्हणून दाखवलं होतं, शिवाय हात पालथे करून समजावलं होतं, आणि दीड तासापूर्वी मी ते माझ्या हातानं पुसलं होतं.

वकील मात्र डगमगले नाहीत. “भावना समजल्या, साहेब. पण अर्थ लावणं आपलं काम नाही. शब्द ‘वाढली’ आहे, नोंदीत ‘वाढली’च यायला हवं.”

“मुंबईला ही नोंद वाचणारा याचा अर्थ काय घेईल?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“तो त्याचा प्रश्न.”

अधिकारी कपाळ चोळत बसले. “कॅसेटमध्ये बाईंनी हात पालथे केलेले दिसले असते, तर कॅसेटच जोडली असती नोंदीला. मग बघणाऱ्याला आपोआप कळलं असतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “नेमकं तेवढंच कोरं आहे.”

तेव्हा उठून बोलता आलं असतं. नाही बोलले. बोलले असते तर फिल्मही गेली असती आणि समितीही, हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आले आहे.

“भागीरथीबाई,” अधिकारी म्हणाले, “तुम्हीच आता साध्या शब्दांत सांगा. आहे की नाही, जे असेल ते. म्हणजे तसंच लिहिता येईल.”

“सांगितलं की.”

“तसं नाही. तो दुसरा शब्द.”

तिनं जोरात मान हलवली. “तो शब्द आम्ही खाडीला लावत नाय, साहेब. लावला का मग परत येत नाय ती. आज नाय तर उद्या येल म्हणून तर जाळं विणत बसतो.”

“मग मला ‘वाढली’च लिहावं लागेल. आणि ते तुमच्याच विरुद्ध जाईल.”

तिनं सुभानभाईंकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, पुण्यातली, मशीनवाली. मी काही वाट काढीन असं तिला वाटलं असावं.

सभागृह टेकाडावर होतं. पश्चिमेच्या खिडकीतून खाडी दिसायची. ओहोटी होती आणि मधला चिखल चकाकत होता.

“ती खिडकी लावा,” भागीबाय म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

“लावा खिडकी. तिला ऐकू जाया नको.”

सुभानभाई गेले. खिडकी लाकडी होती, पावसानं फुगलेली, नीट बसत नव्हती. त्यांनी खांदा लावून ती बसवली आणि वर कडी घातली. कोणी हसलं नाही, वकीलसुद्धा नाही.

भागीबायनं चपला काढून ठेवल्या. खिडकीकडे पाठ केली.

“संपली,” ती म्हणाली. “लिवा. आमच्या खाडीतली मासळी संपली.”

अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिनं अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली.

“झालं? आता उघडा ती.”

त्या नोंदीमुळे कंपनीची परवानगी दीड वर्ष अडली. मग वरचे साहेब बदलले, पुन्हा एक सुनावणी झाली आणि परवानगी मिळाली. नळ आजही आहे. त्या दीड वर्षात फिल्म बरीच फिरली, दोन पारितोषिकं मिळाली, त्यांच्या जोरावर मला पुढची कामं मिळत गेली. खाडी बचाव म्हटलं की आजही माझंच नाव घेतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी बाहेर पडताना झालं ते. मी जीपमध्ये सामान ठेवत होते. भागीबाय मागून आली. माझा दंड धरून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“अजून तशीच तू. आमसुलं पोचत हुती ना?”

“पोचत होती,” मी म्हटलं. “भागीबाय, तुम्हाला आज तो शब्द...”

“जाऊ दे आता. गेला तोंडातून तो गेला.” तिचा आवाज मात्र मघासारखा खणखणीत राहिला नव्हता. तिनं जीपमधल्या कॅसेटच्या पेटीकडे बोट दाखवलं. “माजं पयलं बोलणं तुज्या ह्या पेटीत हाय ना?”

“कुठलं?”

“वाढली बोलले हुते ते. इथलं मशीन बिघाडलं. पुण्याला तुज्या चांगल्या मशीनवर दिसल ना ते?”

मी तिच्या मनगटांकडे बघत होते.

“दिसेल,” मी म्हटलं.

“मग झालं.” तिनं मोकळा श्वास सोडला. “तेवढं जपून ठेव बाय. आज वंगाळ बोलले ते कागदावर हाय. पण आधीचं चांगलं बोललेलं कुठं तरी जितं हाय, म्हंजे ती परत यायला वाट ऱ्हाते. मी मेले तरी तुज्याकडं असू दे.”

ती सहा वर्षांपूर्वी गेली. तोवर दर वर्षी आमसुलांबरोबर सुभानभाईंचा फोन यायचा, “भागीबाय विचारते आहे, बोलणं नीट आहे ना?” आणि मी म्हणायचे, नीट आहे.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. दर पावसाळ्याआधी मी ती बाहेर काढते, बुरशी आली नाही ना बघते आणि परत ठेवते. खाच बंद आहे.